विसाव्याचा कोन

पंचाक्षरी सर गेले तेव्हा मी उदगीरच्या मोंढ्यात
मेव्हण्याची तूर घालायला उभा होतो.
काटा आता इलेक्ट्रॉनिक, तरी मापाडी
पहिल्या कट्ट्याला लाभ म्हणाला,
आणि माझा फोन वाजला.

सरांचे वडील याच मोंढ्यात मापाडी.
एक म्हणायचं नाही. लाभ म्हणायचं, मग दोन, तीन.
सर सांगायचे, माझं गणित इथंच बिघडलं.
शाळा सुटली की करडईच्या ढिगापुढं उकिडवे बसायचे
आणि बघायचे:
वरून कितीही ओता, ढीग वाढतो,
उतार वाढत नाही.

एवढंच.
या एवढ्यावर चाळीस वर्षं.
परदेशातल्या धान्याच्या कोठारांना,
औषधाच्या गोळ्या पाडणाऱ्या यंत्रांना
त्यांचं समीकरण लागतं म्हणे.
मला समीकरण येत नाही.
मी कॉलेजातला प्रयोगशाळेचा शिपाई. मी वाळू ओतायचो.

मांजरेची वाळू. चाळून, धुऊन, तव्यावर भाजून.
इस्माईल, हळू. दाणा दाणा पडू दे.
मी नरसाळं धरायचो, ते श्वास धरायचे.
तासभर काहीच नाही.
मग एक दाणा, बाकीच्यांसारखाच दाणा,
आणि अख्खी बाजू सळ्ळकन खाली.
कोणता दाणा पाडणार ते आधी कळतं का, सर?
बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
तुला कळलं तर मला सांग.

जर्मनीत छापलेल्या त्यांच्या एका निबंधात
शेवटी बारीक अक्षरांत माझे आभार आहेत.
नाव चुकलंय, इश्मेल झालंय.
सरांनी पेनानं नीट करून दिलेली ती प्रत
रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलीय.

किल्लारीला आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो.
त्यांच्या खिशात टेप होता, कोनमापक होता.
दगडमातीचे ढीग. गल्लीभर, मग गावभर.
खिशातला हात त्यांनी बाहेर काढलाच नाही.
येताना निलंग्याला चहा सांगितला,
तो कपातच निवला.

शोकसभेत आमदार म्हणाले, थोर रसायनशास्त्रज्ञ.
पुढच्या रांगेतून टाळ्या आल्या,
मग शोकसभा आहे हे आठवून थांबल्या.
माईकची शिट्टी तेवढी खरी वाटली,
आमच्या जुन्या ऑसिलेटरसारखी.

त्यांच्यात माणसाला आडवं नेत नाहीत.
बसवून नेतात, झेंडूच्या विमानात,
कपाळभर विभूती. टेबलाशी बसायचे तसेच,
मान जराशी डावीकडं.
गावाबाहेर विसाव्याच्या दगडाशी खांदे बदलले.
मला उजवी बाजू मिळाली.

विसावा.
पुस्तकातला विश्रामकोन खोडून
सरांनी वहीत लिहिलं होतं: विसाव्याचा कोन.
मी म्हटलेलं, सर, हे तर मयताचं झालं.
ते हसले होते. वाळू पण दमतेच की रे.

खड्ड्यात बेलाची पानं, वर सर,
भोवती मीठ. पोतं पोतं मीठ.
पुण्याहून आलेला मुलगा घाईघाईनं रितं करत होता,
त्याला विमान गाठायचं होतं, किंवा रडू आवरायचं होतं.
माझ्या तोंडून गेलं,
हळू. दाणा दाणा पडू दे.
सगळे माझ्याकडं बघायला लागले.
त्यानं पोतं तिरकं केलं.
मीठ गुडघ्यांपाशी चढलं,
चढलं, घसरलं, थांबलं.
मी नजरेनं मोजलं. बत्तीस.
फार तर तेहेतीस.

मग माती.
आमच्यातही तीनच मुठी असतात.
स्वामी काही म्हणत होते, मी माझं काही पुटपुटत होतो,
आणि पहिली मूठ सोडताना
दोन्हीतलं काहीच आलं नाही ओठांवर.
मी म्हणालो, लाभ.
मग दोन.
मग तीन.